कोल्हापुरात मटण घ्यायला जाताय? एक किलोत काय-काय येतं ते आधी समजून घ्या

रविवारी सकाळी सात-साडेसातला कोल्हापूरच्या कुठल्याही पेठेतून चक्कर मारा. शिवाजी पेठ असो, मंगळवार पेठ असो नाहीतर कसबा बावडा. हातात स्टीलचा डबा घेतलेली माणसं एकाच दिशेने चाललेली दिसतात. ही गर्दी मटणाच्या दुकानाची.

दुकानात दोन प्रकारचं गिऱ्हाईक येतं. पहिलं म्हणतं, "एक किलो मटण द्या." दुसरं म्हणतं, "मामा, एक किलो द्या. रस्सा करायचाय. मांडीचं निम्मं, चाप थोडी, नळी दोन घाला आणि चरबी बेतानं." दोघंही पाटीवर लिहिलेला एकच भाव देतात. पण घरी जाऊन डबा उघडला की दोन डब्यांतला माल वेगळा असतो.

विषय इथंच आहे. मटणाचा भाव पाटीवर लिहिलेला असतो, पण त्या भावात काय मिळणार हे कुठंच लिहिलेलं नसतं. ते बोलून ठरतं. आणि ते बोलायचं तर जनावर कुठलं, भाग कुठला आणि भाव कशाचा, एवढं तरी माहिती पाहिजे.

मटणाच्या भावावरून शहर पेटलं होतं

कोल्हापुरात मटण हा किती गंभीर विषय आहे हे सगळ्या महाराष्ट्राने २०१९ च्या शेवटी बघितलं. तेव्हा शहरात मटणाचा भाव किलोला साडेपाचशेच्या पुढे गेला. आजूबाजूच्या गावांत स्वस्त आणि शहरात महाग, हे कसं, असा प्रश्न लोकांनी विचारायला सुरुवात केली. कसबा बावड्यासह ठिकठिकाणच्या नागरिकांनी विरोध केला, कृती समिती झाली, बैठकांवर बैठका झाल्या. जनावरांची तपासणी, दुकानातली स्वच्छता, कत्तलखाना हे मुद्देही चर्चेत आले. विक्रेत्यांनीही दुकानं बंद ठेवून आपली बाजू मांडली.

शेवटी जानेवारी २०२० मध्ये ५२० रुपये किलो या भावावर तडजोड झाली. बाहेरच्या लोकांनी या सगळ्याची चेष्टा केली, मीम्स फिरले. पण ज्या शहरात पाहुणा आला की मटण, जत्रा आली की मटण आणि पैज जिंकली तरी मटण, तिथे किलोमागचे पन्नास रुपये म्हणजे महिन्याच्या खर्चाचा हिशोब असतो. दुसऱ्या बाजूला खाटीक व्यावसायिकाच्या घरचा हिशोबही त्याच पन्नास रुपयांवर चाललेला असतो.

असलं काही फक्त कोल्हापुरातच होतं असंही नाही. इटलीत गल्लीतल्या मटणाच्या दुकानाला 'माचेल्लेरिया' म्हणतात आणि तिथंही दुकानदाराला आज काय शिजवणार हे सांगून माल घ्यायची पद्धत आहे. २००१ मध्ये मॅड काऊ रोगाच्या भीतीने युरोपीय संघाने हाडासकट गोमांस विकण्यावर बंदी आणली. तेव्हा तस्कनी भागातल्या पांत्सानो गावच्या दारिओ चेक्किनी या खाटकाने तिथल्या प्रसिद्ध 'बिस्तेक्का' या तुकड्याची चक्क अंत्ययात्रा काढली होती. खाण्याचा आणि गावाच्या ओळखीचा संबंध लागला की असं होतं.

कोल्हापुरात भावाची तडजोड झाली आणि वाद मिटला. ५२० चा आकडाही कधीच मागे पडला, आज भाव त्याच्या बराच वर आहे. पण एका किलोत काय असावं हा प्रश्न त्या तडजोडीने सुटणारा नव्हता. तो रोज, प्रत्येक दुकानात, प्रत्येक गिऱ्हाईक सोडवतं.

आधी जनावर ओळखा

मटण म्हणजे शेळीचं की मेंढीचं? हिंदीत 'बकरा' म्हटलं की बोकड डोळ्यासमोर येतो. पण दक्षिण महाराष्ट्रात, विशेषतः धनगरांच्या बोलण्यात, 'बकरी' म्हणजे मेंढरं. त्यामुळे बाहेरून आलेला माणूस 'बकऱ्याचं मटण' ऐकून एक समजतो आणि दुकानात दुसरंच टांगलेलं असू शकतं. यात कुणी फसवत नसतं, शब्दच वेगळे आहेत. म्हणून सरळ विचारायचं, "बोकड आहे का मेंढा?"

बोकडाचं मटण तसं कमी चरबीचं. मेंढ्याच्या मटणाला चरबी जास्त, ती पांढरी आणि घट्ट असते आणि तिला स्वतःचा वास असतो. रश्श्यावर तर्री आणि चव आणायला हीच चरबी कामी येते, म्हणून मेंढ्याचं मटण आवडीने घेणारे लोक कमी नाहीत. कमी-जास्त प्रतीचा हा प्रश्न नाही, आपल्याला काय आवडतं त्याचा आहे.

तिसरा शब्द म्हणजे पालवा. पालव्याचं मटण म्हणजे कोवळ्या जनावराचं मटण. ते लवकर शिजतं, मऊ लागतं, पण अंगावर मांस कमी असतं. म्हाताऱ्या जनावराचं मटण कुकरच्या कितीही शिट्ट्या केल्या तरी चिवट राहतं. ते ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. कोवळ्या जनावराच्या बरगड्या बारीक असतात, मांस गुलाबीकडे झुकणारं असतं आणि चरबी पांढरीशुभ्र असते. वय वाढलं की मांसाचा रंग गडद लाल होतो, हाडं जाड होतात आणि चरबी पिवळसर दिसायला लागते.

नर की मादी हाही प्रश्न लोक विचारतात. बऱ्याच दुकानांत सोललेलं जनावर टांगताना नराची खूण मुद्दाम तशीच ठेवतात. काही ठिकाणी शेपटीवर थोडे केस ठेवलेले दिसतात, म्हणजे जनावर कुठलं ते गिऱ्हाइकाला कळावं. नवख्या माणसाला हे विचित्र वाटतं, पण दुकानदाराच्या दृष्टीने ती मालाची जाहिरात आहे.

कुठला भाग कशासाठी?

आता मुद्द्याची गोष्ट. टांगलेल्या बकऱ्यातला कुठला भाग कशासाठी मागायचा?

मांडी, म्हणजे मागचा पाय. काहीजण हिलाच रान म्हणतात. इथं मांस जास्त आणि हाड कमी. सुकं मटण, खिमा आणि मटणाचं लोणचं यासाठी हा भाग चांगला. पण नुसती मांडी घेऊन रस्सा केला तर तो पातळ लागतो, कारण रश्श्याला अंग हाडातून येतं.

फरा, म्हणजे पुढचा पाय आणि खांद्याचा भाग. मांडीपेक्षा इथं पडदे आणि शिरा जास्त. हळू शिजवलं की याच शिरांचं विरघळून जिलेटिन होतं आणि रस्सा दाट होतो. रश्श्याला फरा उत्तम.

चाप, म्हणजे बरगड्यांचा भाग. मांस थोडं पण चवदार, हाडाला चिकटलेलं. फ्राय करायला किंवा रश्श्यात चोखून खायला.

सीना, म्हणजे छातीचा भाग. यात मऊ हाडं आणि चरबीचे थर असतात. ज्यांना माहिती आहे ते हक्काने मागतात, बाकीच्यांना तो डब्यात आपोआप येतो.

गर्दन, म्हणजे मान. शिजायला वेळ लागतो, पण चव भरपूर. रश्श्यासाठी आणि पाणी काढण्यासाठी चांगली.

नळी, म्हणजे मगज असलेलं पोकळ हाड. कोल्हापुरी घरात नळीवरून भावाभावांत भांडणं होतात. म्हणून ती मोजून मागायची.

याशिवाय काळीज, गुर्दे, फुप्पुस आणि तिल्ली. काळीज दोन-चार तुकडे मटणातच टाकायची बऱ्याच दुकानांत पद्धत आहे. हवं असेल तर हवं, नको असेल तर नको, पण हे मटण काट्यावर चढायच्या आधी सांगायचं. मुंडी, पाय आणि वजडी वेगळी विकली जाते. रक्ती-मुंडी हा इथला खास बेत. रक्ती लवकर संपते, म्हणून ती घ्यायची असेल तर सकाळी लवकर जावं लागतं किंवा आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.

वजडी आणि पाय घरी साफ करणं किचकट काम आहे. दुकानात भाजून, स्वच्छ करून मिळतात का ते विचारून मगच घ्या.

कोल्हापूरकर मिक्स मटण का घेतो?

मोठ्या शहरातला माणूस बोनलेस मागतो. कोल्हापुरात नुसतं बोनलेस मागितलं की दुकानदार एकदा वर बघतो. त्याला कारण आहे.

कोल्हापुरी बेत एका भांड्यातून सुरू होतो. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलं जातं. त्यातून जे पाणी निघतं ते अळणी पाणी. लहान मुलांना आणि आजारातून उठलेल्या माणसाला आधी तेच वाटीभर देतात. मग त्याच पाण्याचे दोन भाग होतात. एका भागात नारळाचं दूध, खसखस, पांढरे तीळ, काजू यांचं वाटण गेलं की पांढरा रस्सा. दुसऱ्यात कांदा-लसूण चटणी आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण गेलं की तांबडा रस्सा. उरलेल्या मटणाच्या फोडी मसाल्यात परतल्या की सुकं.

म्हणजे एक किलो मटणातून चार गोष्टी होतात. यातल्या तीन पाण्यावर चालतात आणि पाण्याची चव हाडं, मगज, चरबी यातून येते. बोनलेस घेतलं तर सुकं झकास होईल, पण दोन्ही रस्से पडतील. उलट नुसती हाडं आली तर रस्सा चांगला होईल आणि ताटात सुकं वाढायला काही राहणार नाही. म्हणून मिक्स.

चार माणसांच्या घराला साधारण एक किलो मिक्स मटण पुरतं. पाहुणे वाढले तर मटण वाढवण्यापेक्षा पाणी वाढवायची युक्ती प्रत्येक घरात माहिती असते. फक्त त्यासाठी दोन नळ्या आणि मानेचे चार तुकडे जास्त घेतलेले असावे लागतात.

दुकानात बोलताना भागांची नावं आठवली नाहीत तरी चालतं. काय शिजवायचंय आणि किती माणसं आहेत एवढं सांगितलं तरी जाणता दुकानदार त्याप्रमाणे तोडतो. "सुकं आणि दोन्ही रस्से, पाच माणसं" हे वाक्य "एक किलो द्या" पेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे. तुकडे बारीक हवेत की मोठे हेही तेव्हाच सांगायचं. सुक्याला लहान, रश्श्याला जरा मोठे.

भाव ठरतो कसा?

खाटीक जनावर जिवंत विकत घेतो आणि मटण किलोवर विकतो. या दोन्हींच्या मध्ये मोठी घट असते. शेळी-मेंढीच्या जिवंत वजनाच्या साधारण ४० ते ५० टक्के एवढंच वजन मटण म्हणून काट्यावर येतं. बाकीचं कातडं, मुंडी, पाय, पोटातला माल आणि वाया जाणारा भाग.

एक काल्पनिक हिशोब करून बघू. समजा २० किलोचं बकरं ६,००० रुपयांना पडलं आणि त्यातून १० किलो मटण निघालं. म्हणजे नुसत्या खरेदीचाच खर्च किलोला ६०० रुपये. आता मुंडी, पाय, वजडी आणि कातडं विकून १,००० रुपये आले, तर किलोमागे १०० रुपये कमी होतात आणि मटण ५०० ला पडतं. त्यावर जागेचं भाडं, कामगार, वाहतूक, लाईट बिल आणि घर चालवण्याचा नफा.

आता याच १,००० रुपयांत कातड्याचे ३०० रुपये धरले होते आणि कातड्याचा बाजार पडून त्याचे ५० च आले, तर २५० रुपयांची तूट आली. ती १० किलोवर वाटली तर किलोमागे २५ रुपये भाव वाढवावा लागतो. मटण खाणाऱ्याने कातडं कधी बघितलेलंही नसतं, पण त्याचा भाव पडला की फटका त्याच्या डब्याला बसतो. मटणाचा भाव वाढला की विक्रेते कातड्याचं नाव का काढतात, त्याचं उत्तर या हिशोबात आहे.

निघणारं मटण १० ऐवजी ९ किलो झालं तरी सगळं गणित बदलतं. म्हणून बाजारात जनावर घेताना पाठीवर आणि कमरेवर हात फिरवून अंदाज घेणारा माणूस हा या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस. त्याचा अंदाज चुकला तर दिवसाचा नफा गेला.

आणि म्हणूनच सगळ्या गिऱ्हाइकांना फक्त मांडी देता येत नाही. एका बकऱ्याला मागच्या मांड्या दोनच. मान, फरा, सीना, चाप हे सगळं त्याच भावात विकलं गेलं तरच दुकान चालतं. कोल्हापुरी पद्धतीचं मिक्स मटण दुकानदाराच्याही सोयीचं आहे, ते यामुळे. निम्मी मांडी मागणं रास्त आहे, सगळीच मांडी मागितली तर तो जास्त भाव सांगणार, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

काट्यावर काय बघायचं?

पहिली गोष्ट, वजन करायच्या आधी काट्यावर शून्य आहे का ते बघा. डबा काट्यावर ठेवणार असतील तर आधी रिकामा डबा ठेवून शून्य करायला सांगा. यात संकोच वाटायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट, चरबी. थोडी चरबी रश्श्याला लागते, पण किलोत पाव किलो चरबी आली तर तुम्ही मटणाच्या भावात चरबी घेतलीत. वजन व्हायच्या आधी मूठभर चरबी बाजूला काढायला सांगितली तर बहुतेक दुकानदार काढतात. वजन झाल्यावर सांगितलं तर वाद होतो.

तिसरी गोष्ट, आधीच तोडून ठेवलेल्या ढिगातून घ्यायचं की टांगलेल्यातून कापून घ्यायचं? वेळ असेल तर टांगलेल्यातून घ्या. कुठल्या भागावर सुरा चालतोय ते दिसतं. तोडल्यावर एकदा हाडांचे बारीक कण आणि लाकडी ओंडक्याच्या ढलप्या आल्यात का बघा. सत्तूर बोथट असला की हाड तुटायच्या ऐवजी चुरतं आणि तो चुरा रश्श्यात दाताखाली येतो.

चौथी गोष्ट, वास आणि स्पर्श. ताज्या मटणाला उग्र वास नसतो. वरून किंचित ओलसर असतं, पण चिकट नसतं. बोटाने दाबलं की खड्डा पडून परत भरून येतो. हिरवट छटा, बुळबुळीत पृष्ठभाग किंवा आंबूस वास असेल तर भाव कितीही कमी असो, माघारी फिरा.

खिमा नेहमी समोर करून घ्या. तुकडा दाखवून मग मशीनमध्ये टाकायला सांगा. आधीच तयार असलेल्या खिम्यात कुठला भाग गेलाय आणि कधी गेलाय हे कुणीच सांगू शकत नाही. शिवाय खिमा तुकड्यांपेक्षा लवकर खराब होतो.

कायद्याचंही थोडं माहिती असू द्या. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ प्रमाणे मटण विकणाऱ्यालाही नोंदणी किंवा परवाना लागतो. त्याचा १४ अंकी क्रमांक असतो आणि तो दुकानात दिसेल असा लावायचा असतो. वजनकाट्याची तपासणी वैधमापन शास्त्र विभाग करतो आणि तपासलेल्या काट्यावर शिक्का असतो. वजनात फसवणूक झाली असं वाटलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते. मालाच्या दर्जाबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे जाता येतं.

आणि डबा घरूनच न्या. राज्यात २०१८ पासून पातळ प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, पण कोल्हापुरात डबा न्यायची सवय त्याच्याही आधीची आहे. डब्यातून रक्तपाणी सांडत नाही हे त्याचं साधं कारण.

कुठल्या दिवशी जायचं?

रविवार आणि बुधवार हे मटणाचे हक्काचे वार. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी बरीच घरं मटण खात नाहीत. मंगळवार आणि शुक्रवार देवीचे वार. अंबाबाईच्या गावात हे वार पाळणारी घरंही बरीच. ज्या दिवशी खप जास्त त्या दिवशी माल ताजा आणि भाग हवे तसे मिळतात, पण रांगही मोठी असते. रविवारी दहानंतर गेलात तर नळी आणि काळीज मिळेलच याची खात्री नाही.

वर्षाचं कॅलेंडरही बघावं लागतं. आषाढात त्र्यंबोलीची यात्रा असते. पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेतात आणि त्या काळात गल्लोगल्ली मटणाच्या पंगती उठतात. पुढे श्रावण लागणार म्हणून आषाढाचे शेवटचे दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नसते. श्रावणात एकदम सामसूम. मग धुळवड आणि ३१ डिसेंबर या दिवशी पुन्हा तीच गर्दी. अशा दिवसांसाठी आदल्या दिवशीच सांगून ठेवलेलं बरं. ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर दुकानदार माल बाजूला काढून ठेवतो.

मटण घेतलं, आता किराणा

मटणाचा डबा भरला म्हणजे खरेदी संपली असं नाही. निम्मी चव किराणा दुकानात असते.

यातली सगळ्यात मोठी खरेदी वर्षातून एकदाच होते, ती उन्हाळ्यात, वर्षाच्या चटणीसाठी. कांदा-लसूण चटणीला एक मिरची पुरत नाही. रंगासाठी ब्याडगी लागते. ही कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली मिरची, सुरकुतलेली, गडद लाल आणि कमी तिखट. तिला भौगोलिक मानांकन आहे. झणक्यासाठी संकेश्वरी लागते, तिचा मोठा बाजार गडहिंग्लजला भरतो. अजून तिखट हवं असेल तर लवंगी. दुकानदाराला नुसतं "दोन किलो मिरची" म्हणू नका, रंगाची किती आणि तिखटाची किती ते सांगा.

मिरची घेताना ती हातात दाबून बघा. चांगली वाळलेली मिरची खुळखुळते. ओलसर असेल तर वजन जास्त भरतं आणि नंतर चटणीला बुरशी येते. देठाजवळ पांढरे डाग असतील तर घेऊ नका.

मग धणे, तीळ, खसखस, सुकं खोबरं, खडा मसाला, आणि सोबत कांदा, लसूण, मीठ. खसखस महाग असते म्हणून थोडी आणि खात्रीच्या दुकानातूनच घ्यावी. खोबऱ्याची वाटी मोडून वास घ्या. खवट खोबरं पूर्ण वर्षाची चटणी वाया घालवतं. हे सगळं भाजून, तळून कांडप गिरणीत न्यायचं. तिथं आपला माल आपल्यासमोर कुटून घेतात, कारण आधीच्या गिऱ्हाइकाची चटणी आपल्यात मिसळलेली कुणालाच नको असते.

धान्य आणि किराण्याच्या ठोक खरेदीसाठी लक्ष्मीपुरी, भाजीसाठी कपिलतीर्थ मार्केट, अशी शहरातली जुनी विभागणी. पण मटणाच्या दिवशी कुणी एवढं फिरत नाही. ऐनवेळी लागणारं खोबरं, पांढरे तीळ आणि काजू गल्लीतल्या दुकानातूनच येतं. पांढऱ्या रश्श्यासोबत भात हवा असेल तर आजरा घनसाळ विचारा. या सुवासिक तांदळालाही भौगोलिक मानांकन मिळालंय.

घरी आणल्यावर

मटण शक्यतो लगेच शिजवा. जनावर कापल्यावर काही तासांनी स्नायू आखडतात आणि मग ते सैल व्हायला वेळ लागतो. त्यामुळे एकतर सकाळी आणलेलं लगेच चुलीवर चढवायचं किंवा झाकून फ्रिजमध्ये एक दिवस ठेवायचं. अर्धवट वेळेला शिजवलं तर जास्त चिवट लागण्याची शक्यता असते. उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. काळीज त्याच दिवशी संपवा.

आता पुन्हा पहिल्या मुद्द्याकडे. भावावर आंदोलन करता येतं, तडजोड करता येते, पाटी बदलता येते. पण डब्यात नळी किती, चरबी किती आणि मांडी किती हे ठरवायला कुठली समिती येत नाही. ते दुकानात उभं राहून सांगावं लागतं आणि वजन व्हायच्या आधी सांगावं लागतं.

चार रविवार एकाच दुकानात जाऊन नीट सांगितलंत, तर पाचव्या रविवारी सांगायची गरज पडत नाही. दुकानदारच विचारतो, "आज दोन्ही रस्से का नुसतं सुकं?"